कल्याण कॅम्पातल्या बरॅकी: उल्हासनगरात आता काय उरलंय?

पारसिकवाला

मंडळी, ठाण्यात राहून उल्हासनगरबद्दल आपल्याला काय माहीत असतं? जीन्स, फर्निचर बाजार आणि 'मेड इन यूएसए'चा (यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन) तो शिळा विनोद. मीही त्यातलाच. मध्यंतरी ऑफिसातल्या एकाकडे कागद पोचवायला उल्हासनगरात चार नंबरला, म्हणजे कॅम्प चारला, जावं लागलं. पत्ता होता बीके नंबर, रूम नंबर आणि खूण म्हणून लाल चक्की. रिक्षावाल्याने ना सोसायटीचं नाव विचारलं ना रस्त्याचं. आकडा ऐकला आणि निघाला. बीके म्हणजे बरॅक. उतरलो तिथे समोर चार मजली इमारत, खाली मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. बरॅकीचा मागमूस नाही. आकडा मात्र विजेच्या बिलावर, रेशनकार्डावर, दुकानाच्या पाटीवर, सगळीकडे.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. थोडं वाचलं, थोडं विचारलं. जमलं ते इथे टाकतो, बाकी तुम्ही भर घाला.

दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी कल्याणपासून पाचेक किलोमीटरवर मोठा लष्करी तळ उभारला, कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प. हीच जागा का, हे रेल्वेचा नकाशा पाहिला की कळतं. मुंबई बंदरात उतरलेला माणूस आणि माल गाडीत घातला की कल्याणला फाटा फुटतो, एक रूळ कसारा घाटाकडे, दुसरा बोरघाटाकडे. म्हणजे उत्तरेला जा नाहीतर दख्खनेत, आधी कल्याण. शिवाय उल्हास नदीचं पाणी हाताशी आणि मोकळं माळरान. कॅम्प ६,००० सैनिक आणि ३०,००० इतर माणसांसाठी होता, आणि बरॅकींचा आकडा २,१२६ असा दिला जातो. एवढी वस्ती त्या काळच्या कल्याण गावाच्या शेजारी एकदम येऊन बसली म्हणजे काय झालं असेल!

युद्ध संपलं, फौज गेली, बरॅकी ओस पडल्या. १९४७ला फाळणी झाली. जानेवारी १९४८मध्ये कराचीत दंगल उसळली आणि तोवर तग धरून राहिलेली सिंधी कुटुंबंही बोटीने मुंबईच्या धक्क्याला लागली. लाखाच्या आसपास माणसं या रिकाम्या कॅम्पात आणली गेली. कॅम्पाचे पाच भाग होते, एक ते पाच. ८ ऑगस्ट १९४९ला गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली आणि नाव ठेवलं उल्हासनगर. नाव बदललं तरी कॅम्प काही सुटला नाही. अजूनही 'कॅम्प चार', 'कॅम्प पाच' असंच म्हणतात, आणि पोस्टाचे पिनकोडही ४२१००१ ते ४२१००५, नंबरवार.

माझा मुद्दा असा की हे शहर लष्कराने घाईघाईत आखलेल्या नकाशावर अजून चालतंय. इमारती गेल्या, नकाशा गेला नाही. त्यातली एखादी मूळ बरॅक नीट जपली पाहिजे, असं मला वाटतं. तुम्हाला?

तिरकस

जपा की. आधी ठाण्यातलं एखादं तळं जपून दाखवा, मग कल्याणच्या पुढे जा.

कौलारू

पेशाने आर्किटेक्ट आहे, म्हणून चार ओळी. या बरॅकी म्हणजे लांबट, बैठी, विटांची बांधकामं, वर उतरतं कौलारू छप्पर. बहुतेकींचा आराखडा एकच, मधे मोठा हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या. हॉलमध्ये शिपायांच्या खाटा ओळीने. संडास, न्हाणी, नळ बाहेर, सामाईक. लष्कराच्या दृष्टीने यात काहीच चुकीचं नाही, कारण शिपायाला तिथे संसार थाटायचा नव्हता, पुढची गाडी येईपर्यंत मुक्काम करायचा होता.

महत्त्वाची गोष्ट बरॅकीत नाही, दोन बरॅकींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात आहे. लष्करी वसाहतीत हा पट्टा मुद्दाम सोडतात. एकीला आग लागली तर दुसरीला लागू नये, वारा खेळावा, हजेरीला माणसं उभी राहावीत. निर्वासित आले तेव्हा या पट्ट्याचा मालक कोण, हे कोणाला ठाऊक नव्हतं. आधी तिथे चूल आली, मग मोरी, मग पत्र्याची शेड, मग शेडमध्ये शिलाईचं मशीन, मग स्लॅब. उल्हासनगरातल्या 'अनधिकृत' बांधकामाची गोष्ट लोक बिल्डरपासून सुरू करतात. ती सुरू होते या पट्ट्यापासून.

उपग्रहाच्या नकाशावर चार आणि पाच नंबरवर जाऊन बघा. काही भागात एकाला एक समांतर लांबोळक्या पट्ट्या अजून स्वच्छ दिसतात. छपरं वेगवेगळी, उंची वेगवेगळी, पण रांग सुटलेली नाही.

कॅम्पवाली

मी सिंधी, माहेर चार नंबर, सासर ऐरोली, नवरा मराठी. त्यामुळे दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. पारसिकवाले, तो यूएसएचा विनोद तुम्हीच शिळा म्हणालात म्हणून माफ.

माझी डाडी, म्हणजे आजी, बरॅकीत आली तेव्हा हॉलमध्ये भिंती नव्हत्याच. एका हॉलमध्ये कितीतरी कुटुंबं. मधे गोणपाटाचे पडदे, कोणाकडे चादर असेल तर चादर. तिकडे सिंधमध्ये शिकारपूरला वाडा होता म्हणे, आणि इथे पडद्याआड बाळंतपण. डाडी वाड्याबद्दल तासन्‌तास बोलायची. पडद्याबद्दल विचारलं की म्हणायची, पापड लाटायला बस. त्या काळात पुष्कळ घरं बायकांच्या पापड-लोणच्यावर चालली, पुरुष गाडीत गोळ्या-बिस्किटं विकायचे. हा भाग कोनशिलेवर कोरलेला नसतो.

पुढे पडद्यांच्या जागी विटांच्या भिंती आल्या. माझं लहानपण अशाच खोलीत गेलं. एक गंमत सांगते, जी बाहेरच्या कोणाला कळणार नाही. भिंत घालताना ती पुरुषभर उंचीच्या थोडी वर नेऊन सोडून दिलेली होती. वर कौलांपर्यंत सगळं मोकळं, कारण छप्पर सगळ्यांचं एकच. त्यामुळे शेजारी पकवान तळले की वास आमच्याकडे, आमच्याकडे भांडण झालं की मजकूर शेजारी. रात्री दिवा आमचा बंद असला तरी तिसऱ्या खोलीतल्या दिव्याचा उजेड आमच्या कौलांवर पडायचा. मी त्या उजेडात दहावीचा अभ्यास केलाय, आमची वीज गेलेली असताना. आणि परीक्षेच्या दिवशी चार घरांतून एकाच वेळी 'पेन घेतलास का' असं ओरडणं.

आता तुमच्या प्रश्नावर. ते छप्पर गळायचं. एकाने कौलं बदलली तर पाणी शेजारच्याकडे जायचं, म्हणून बदलायची तर सगळ्यांनी मिळून, आणि सगळ्यांकडे एकाच वर्षी पैसे कधीच नसायचे. माझ्या भावाने शेवटी स्लॅब टाकला. जपायचं असेल तर सरकारी ताब्यात एखादी बरॅक असेल ती जपा. माझ्या माहेरच्या डोक्यावर हेरिटेजची पाटी ठोकू नका.

तिरकस

+१. धाग्यातला पहिला कामाचा प्रतिसाद.

मिठागर

सगळं वाचलं. छान आहे. पण माळरान 'मोकळं' होतं हे कोणी सांगितलं?

आम्ही खाडीकाठचे आगरी. लष्कराच्या तळाचा इतिहास लिहिताना फौज येते, निर्वासित येतात, आणि आधी तिथे भात लावणारा माणूस गायब असतो. युद्धकाळात भारत संरक्षण कायद्याखाली या पट्ट्यातल्या जमिनी ताब्यात घेतल्या गेल्या. कॅम्पाच्या पलीकडे मलंगगडाच्या रस्त्यावर नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली. गावकऱ्यांचं म्हणणं कायम हेच की युद्ध संपल्यावर जमीन परत मिळणार होती. ती नौदलाकडे राहिली. जून २०१७मध्ये तिथे कुंपणाची भिंत घालायला सुरुवात झाली तेव्हा शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, पोलिसांनी छऱ्याच्या बंदुका चालवल्या. टीव्हीवर दोन दिवस दिसलं, मग विषय संपला.

नवी मुंबईत आमच्या जमिनी १९७०नंतर सिडकोसाठी गेल्या. त्यासाठी भांडावं लागलं, जानेवारी १९८४च्या आंदोलनात पाच जण हुतात्मे झाले, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्के विकसित जमीन परत, हे सूत्र पदरात पडलं. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटलांचं नाव आम्ही उगाच घेत नाही. नेवाळीकरांना साडेबारा नाही आणि सव्वाही नाही. तेव्हा बरॅक जपायची तर तिथे एक पाटी ही जमीन आधी कोणाची होती याचीही लावा. कॅम्पवाली ताई, तुमच्या डाडीबद्दल राग नाही हो. ती बिचारी सरकारने सोडली तिथे उतरली.

कॅम्पवाली

दादा, राग नाही आला. आमच्या घरी भाजी द्यायला येणाऱ्या आगरी मावश्या होत्या, आशेळे-माणेऱ्याच्या. डाडीला मराठी येत नव्हतं, मावशीला सिंधी नाही. हिशोब बोटांवर. आमचं शेत होतं इथे, असं त्यातली एक हात दाखवून म्हणायची, ते आईने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

किल्लेदार

विषय लष्करी तळाचा आहे आणि ठाणेकरांनी ठाण्यातल्याच तळाचं नाव काढू नये? आपलं मध्यवर्ती कारागृह म्हणजे ठाण्याचा किल्ला. बांधायला घेतला पोर्तुगीजांनी १७३०मध्ये. पुरा व्हायच्या आत १७३७ला चिमाजी आप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी घेतला. डिसेंबर १७७४मध्ये इंग्रजांनी तोफा डागून जिंकला. पुरंदरचा तह १७७६, सालबाईचा १७८२, आणि साष्टी, म्हणजे ठाणं ज्या बेटावर आहे ते, कायमची इंग्रजांकडे. पुढे किल्ल्याचा तुरुंग झाला. बडोद्याचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धनांच्या खुनाच्या प्रकरणात पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते आणि १८१६मध्ये निसटले. घोड्याला खरारा करणाऱ्या मोतद्दाराने गाण्यातून निरोप पोचवला, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, ठाणेकराला ती पाठ हवी. आणि नाशिकच्या जॅक्सन वधाच्या खटल्यात १९ एप्रिल १९१० रोजी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना इथेच फाशी दिलं.

म्हणजे दगडी तटबंदी जवळपास तीनशे वर्षं उभी आहे, कारण तिचा उपयोग कधी थांबला नाही. बरॅकी विटा-कौलांच्या, युद्धापुरत्या. त्यांनी एवढी वर्षं तग धरला हेच आश्चर्य.

पारसिकवाला

किल्लेदार, किल्ल्यावर वेगळा धागा काढा, मी येतो. इथे फाटे फुटले तर बरॅकी बाजूला राहतील. एक मात्र खरं, किल्ला एका सरकारी खात्याच्या ताब्यात आहे म्हणून टिकला. बरॅकींना हजारो मालक. त्या मालकीचं काय, कोणी सांगेल का? मला सनद, शीट नंबर वगैरे शब्द कानावर आले, नीट उमजलं नाही.

कागदपत्रे_आणा

निवृत्त झालोय, आयुष्य महसुलात गेलं, त्यामुळे हे माझं खातं.

सुरुवातीला निर्वासित हे सरकारी बरॅकीत राहणारे, मालक नव्हेत. १९५४ला विस्थापितांना नुकसानभरपाई आणि पुनर्वसन देणारा केंद्रीय कायदा झाला. सिंधमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेचा दावा ज्याने सिद्ध केला, त्याच्या भरपाईतून इथल्या खोलीची किंमत वळती करून घेता येत होती. दावा नसेल त्याने पैसे भरायचे. रक्कम फिटली की खोलीची मालकी कागदावर नावावर, तीच सनद. लक्षात घ्या, इथेच शिकारपूरचा वाडा आणि चार नंबरची खोली एका कागदावर एकत्र येतात.

घोळ पुढे. सनद खोलीची आणि तिच्या पुढच्या-मागच्या ठरावीक जागेची. कौलारू म्हणाले तो मधला पट्टा अनेकदा सनदेत नाही. त्यावर बांधकाम उभं राहिलं, विकलं गेलं, पुन्हा विकलं गेलं, सगळं साध्या करारावर. नंतर मोजणी झाली तेव्हा यू नंबर आणि शीट नंबर आले, पण लोकांच्या तोंडी आणि कागदावर बरॅक नंबरच राहिला. त्यामुळे एकाच जागेला तीन ओळखी. पुनर्विकासाला सोसायटी बसते तेव्हा पहिला वाद इथेच होतो, आपण नेमक्या कोणत्या बरॅकीच्या कोणत्या खोलीवर उभे आहोत?

१९५४चा कायदा २००५मध्ये रद्द झाला. २००६मध्ये राज्याने खास उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी वेगळा कायदा केला. एका शहरासाठी असा कायदा करावा लागतो यातच सगळं आलं. तरी गुंता सुटलेला नाही. २०२१च्या मे महिन्यात दोन आठवड्यांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले, माणसं गेली. नव्वदच्या दशकातल्या इमारती त्या. बरॅकीचं कौल पडलं तर डोकं फुटतं, स्लॅब पडला तर घर संपतं.

म्हणून माझा सल्ला कोरडा आहे. बरॅक जपायच्या आधी तिचा कागद जपा. घरोघरी ट्रंकांत सनदा, भरपाईचे हुकूम, रेशनचे जुने पास पडलेत. वाळवी लागतेय. कोणी फोटो काढून एका जागी ठेवले तर इतिहासही होईल आणि वारसांची भांडणंही कमी होतील.

तिरकस

वारसांची भांडणं कमी होतील म्हणता? सनद सापडली की वाढतील.

शहाडकर

कागदपत्रे_आणा यांच्याशी सहमत. मी पलीकडच्या बाजूचा, वडील सेंच्युरी रेयॉनमध्ये होते. एक गोष्ट राहून गेली. उल्हासनगर म्हटलं की फक्त सिंधी असं धाग्यात वाटतंय. सुभाष टेकडी, मराठा सेक्शन ही नावं काय उगाच पडली? कारखाने आले, बाजार वाढला, तसे घाटावरून, कोकणातून, मराठवाड्यातून लोक आले. बरॅकीतली खोली भाड्याने मिळायची, चाळीपेक्षा स्वस्त. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने अशी खोली विकत घेतली आणि त्यांच्या दारावर अजून मूळ मालकाने कोरलेलं झूलेलालचं, सिंध्यांच्या इष्टदेवाचं, चित्र आहे. पुसलं नाही, दरवर्षी दिवाळीला त्यालाही रंग देतात. २०११च्या जनगणनेत शहर ५,०६,०९८ माणसांचं होतं आणि क्षेत्रफळ जेमतेम १३ चौरस किलोमीटर. छत्तीस हजारांसाठी आखलेल्या जागेत पाच लाख. नळ-गटाराच्या तक्रारी करताना हा भागाकार मनात ठेवावा.

मिठागर

हा आकडा बोलका आहे. आणि शहरातून वाहणाऱ्या वालधुनी नदीचं काय झालं ते विचारूच नका.

कौलारू

कॅम्पवाली यांचा प्रतिसाद पुन्हा वाचला. छपरापर्यंत न पोचलेल्या भिंती! ही गोष्ट कुठल्याही नकाशात मिळाली नसती. म्हणून एक मधला रस्ता सुचवतो. राहत्या घराला हात लावायचाच नाही. ज्या बरॅकी पाडायला निघाल्या आहेत, त्यांची पाडण्याआधी मोजमापं घ्यायची. लांबी-रुंदी, कैच्या (छपराचे लाकडी-लोखंडी सांगाडे), खिडक्या, भिंत कुठे वाढली, मोरी कुठे आली, आणि सोबत तिथल्या माणसाचं बोलणं. आर्किटेक्चरच्या पोरांना सुट्टीतला उद्योग म्हणून देता येईल. पैसा फारसा लागत नाही, परवानगी फक्त घरमालकाची लागते. पारसिकवाल्यांना हवी ती 'एक मूळ बरॅक' माझ्या मते मिळणार नाही. मूळ अशी काही उरलेलीच नाही, आणि १९४३ची कोरी बरॅक पुन्हा उभी करून दाखवली तर ती खोटी असेल. पडदे, भिंती, मोऱ्या, पोटमाळे हाच तिचा इतिहास.

पारसिकवाला

पटलं नाही पूर्ण. मुलांना कागदावरची मोजमापं दाखवून काही होत नाही, आत उभं राहावं लागतं. शाळा, दवाखाना, कार्यालय म्हणून वापरात असलेली एखादी सरकारी बरॅक शोधूया, कॅम्पवाली म्हणाल्या तशी. त्यात मिठागर यांची पाटी, डाडींचा गोणपाट आणि कागदपत्रे_आणा यांच्या सनदांच्या प्रती. पण मोजमापांचं काम आधी सुरू होऊ शकतं हे मान्य. कोण कोण येतंय?

कॅम्पवाली

या. माझा भाऊ दोन-तीन घरं दाखवेल, चार आणि पाच नंबरला कौलारू बरॅकी अजून आहेत. अटी ऐका. दार वाजवून, परवानगी घेऊन आत. दुपारी दोन ते चार म्हाताऱ्या माणसांना उठवायचं नाही. फोटो काढताना 'अरेरे, असे कसे राहता' असा चेहरा करायचा नाही. आणि यायचं तर मे संपायच्या आत. जूनमध्ये सगळे वर निळं प्लास्टिक अंथरतात, मग कौलं, कैच्या काही दिसत नाही.

किल्लेदार

मी येतो. ठाण्याहून कुठली गाडी?

शहाडकर

अंबरनाथ, बदलापूर, कर्जत, काहीही पकडा, विठ्ठलवाडी नाहीतर उल्हासनगरला उतरा. कसारा किंवा आसनगाव पकडलीत तर शहाडला याल. मग चहा आमच्याकडे, आणि बरॅकी रिक्षाने.